आजीची खारी विहीर आणि गाविलगडाची पायरी

२०१९ च्या उन्हाळ्यात मी आमच्या वावरात बोअर मारला. पुण्यात नोकरी लागून दुसरं वर्ष होतं, खात्यात पहिल्यांदाच जरा बरे पैसे दिसत होते. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. इथली विहीर खारी, हापसी खारी. चहा केला तर दूध फाटावं असं पाणी. मला वाटलं, आजोबांच्या काळात मशीन नव्हती, आता आहे, जरा खोल गेलं की गोड पाणी लागेल. इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला असले समज लवकर होतात.

आजी ओट्यावरून बघत होती. "पैसे काहून गाडून रायला बाप्पा जमिनीत? गोड पानी असतं तं तुह्या आजोबानं नसतं काढलं?"

पाणाड्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली होती. मशीन दिवसभर चाललं. २८० फुटांवर पाणी लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं आणि थुंकलं. विहिरीपेक्षाही खारं होतं. आजी काही बोलली नाही. तिनं फक्त तांब्याभर प्यायचं पाणी आणून दिलं, नळाचं, तोंड धुवायला.

पैसे गेल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. डोक्यात राहिली ती दुसरीच गोष्ट. त्या २८० फुटांत मशीननं काळी माती वर आणली, पिवळा चिकट गाळ आणला, बारीक रेती आणली, पण एक दगड आणला नाही. खडा म्हणावा असाही नाही. पुण्यात माझ्या सोसायटीमागं कुठंही कुदळ मारली की ठण्ण आवाज येतो. आणि इथं अख्खा महाराष्ट्र ज्या काळ्या कातळावर बसलाय म्हणतात, तो कातळच नाही?

मग आठवलं, लहानपणीही नव्हता. आम्ही बोरं पाडायला ढेकळं मारायचो. दगड नसायचाच मारायला.

आमच्या गच्चीवरून उत्तरेला पावसाळ्यानंतर एक निळी भिंत दिसते. सातपुडा. आमच्या भाषेत नुसता 'डोंगर'. लहानपणापासून बघत आलोय, पण ती भिंत इतकी सरळ का, पट्टी लावून रेघ मारावी तशी पूर्व-पश्चिम का गेली आहे, हे कधी विचारलं नव्हतं. दगड गेला कुठं, याचं उत्तर त्या रेघेत होतं. त्यासाठी दोन डिसेंबर, एक किल्ला आणि एक राष्ट्रीय उद्यान बघावं लागलं.

*

दर्यापूरहून अंजनगाव सुर्जी, तिथून परतवाडा, पुढं धामणगाव गढीवरून घाट चढून मोथा आणि चिखलदरा. हा रस्ता मी मोटरसायकलवर केला. सोबत चुलतभाऊ होता. त्याला वाघ बघायचा होता, मला दगड. दोघांच्या अपेक्षांत कुणाची पूर्ण होणार हे उघड होतं.

पण दगडाआधी रस्त्याबद्दल सांगतो. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात 'सुर्जी-अंजनगावचा तह' नावाचं एक वाक्य असतं. ते पाठ केलं तेव्हा एकाही सरांनी सांगितलं नव्हतं की हे अंजनगाव म्हणजे आपलं एसटी स्टँडवालं, पानपिंपरीवालं अंजनगाव. १८०३ च्या अखेरीस दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दख्खनमधला शेवट एका महिन्यात आमच्या परिसरात झाला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, तेल्हाऱ्याकडचं अडगाव. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर रघूजी भोसल्यांशी देवगावचा तह झाला, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला ज्यानं नेपोलियनला हरवलं. तो माणूस आमच्या कपाशीच्या वावरांतून गेला आहे आणि आमच्याकडं त्याचा कुणाला पत्ता नाही. इंग्लंडमध्ये मात्र बर्नार्ड कॉर्नवेलनं याच गाविलगडावर एक जाडजूड कादंबरी लिहिली.

परतवाड्याच्या पुढं जमीन अचानक संपते. चढ हळूहळू सुरू होत नाही, भिंतच लागते. घाट लागला आणि पहिल्याच वळणावर रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात मला हवं ते दिसलं. भाऊ म्हणाला, "याचा फोटो काहून काढून रायला?"

कड्यात थर होते. खाली काळा, घट्ट, उभ्या भेगा पडलेला दगड. त्याच्यावर भोकं-भोकं असलेला, मऊ झालेला दगड, भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. त्याच्यावर एक विटकरी लाल पट्टा, हातभर जाड, जणू कुणी भट्टीत भाजलेली माती पसरली. आणि त्याच्यावर पुन्हा काळा, घट्ट दगड. पुढच्या वळणावर हेच परत. काही ठिकाणी दगडाचे गोळे होते आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत होते.

हे वाचता येतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला. शंकूसारखा ज्वालामुखी नव्हे, पूर आल्यासारखा पसरणारा लाव्हा. प्रत्येक पुराचा एक थर. थराच्या मध्यभागी लाव्हा सावकाश निवला म्हणून तिथला दगड घट्ट. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले म्हणून भोकं, आणि नंतर त्यांत झिरपलेल्या पाण्यानं पांढरे स्फटिक भरले. लाल पट्टा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन पुरांमधला निवांत काळ. तेवढ्या काळात वरचा दगड कुजून माती झाली, मग नवा लाव्हा त्या मातीवर आला आणि तिला भाजून काढलं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगायचं तर ही कमिट हिस्टरी आहे, फक्त कुणालाही मागं जाऊन ती बदलता येत नाही.

घट्ट थर टिकतो, मऊ थर झिजतो. म्हणून डोंगर पायऱ्यांचा होतो: उभा कडा, सपाट माथा, पुन्हा कडा. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. जिन्याला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्यावरून तो आला आहे. सह्याद्रीतले बहुतेक किल्ले याच जिन्यावर बसलेत, आणि सातपुड्यातला गाविलगडही.

*

गाविलगड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. वनखात्याचं तिकीट काढून आत जायचं. चिखलदऱ्याच्या पठारावरून निघालं की किल्ला समोर दिसतो, पण तो आपल्यापेक्षा उंच नाही, जवळजवळ आपल्याच पातळीवर आहे. किल्ला म्हटलं की वर चढायचं, ही सवय इथं मोडते.

१४२५ मध्ये बहामनी सुलतान अहमदशहानं तो बांधला. पुढं वऱ्हाडची इमादशाही सुरू करणाऱ्या फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कनं १४८८ च्या सुमारास त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाज्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय. हत्ती त्याच्यापुढं किरकोळ. अकोल्याच्या बाजूला, अकोट तालुक्यात, याच डोंगराच्या कडेवर नरनाळा आहे. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, त्याच माणसाच्या काळातला. त्यावरची नक्षी बघितली की वाटतं, हा दगड एवढा कठीण नसावाच. दोन्ही किल्ले एकाच कड्यावर बसून एकाच मैदानावर नजर ठेवतात. ज्याच्याकडं हे दोन, त्याच्याकडं वऱ्हाड.

गाविलगडाला तीन बाजूंनी तुटलेला कडा आहे. दक्षिणेकडून, म्हणजे आमच्या मैदानाकडून, वर बघितलं तर मान दुखते. फक्त उत्तरेला एक अरुंद मान आहे, जी त्याला चिखलदऱ्याच्या पठाराशी जोडते. लाव्हाचा थर तिथं पूर्ण तुटला नाही एवढंच. इथली तटबंदी दुहेरी आहे, बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला, मध्ये खोल घळ.

वेलस्लीला हे कळलं होतं. पण उत्तरेच्या मानेपर्यंत तोफा न्यायच्या कशा? सरळ वर कडा. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ डिसेंबरला अचलपुराहून निघाली आणि डोंगराला लांब वळसा घालून १२ डिसेंबरला उत्तरेच्या लबाड्याला पोचली. वाटेत रस्ता नव्हता. सैनिकांनी आधी रस्ता खोदायचा, मग त्यावरून जड तोफा हातांनी ओढायच्या, दऱ्यांतून, चढांवरून. वेलस्ली स्वतः दक्षिणेला थांबून तिकडून मारा करत होता, पण त्याच्या लोखंडी तोफा चढावर चढेनात आणि पितळी तोफांचा तटाला काही फरक पडेना.

उत्तरेकडून मात्र १४ तारखेच्या रात्रीपर्यंत तटाला खिंडारं पडली. १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला, बाहेरचा किल्ला पडला. आतला किल्ला शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी काही सैनिक घेऊन घळ उतरला, पलीकडची बाजू चढला, शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या ढिगात त्याचं प्रेत सापडलं.

मी त्या घळीच्या कडेला उभा राहिलो. शिडी लावण्याजोगी जागा शोधत होतो. पुस्तकात 'घळ ओलांडली' हे दोन शब्द असतात. इथं बघितलं की पोटात गोळा येतो. वर चढणाऱ्याचाही आणि वरून बघणाऱ्याचाही विचार येतो. किल्ल्यात नुसतं सैन्य नसतं, त्यांच्या बायका, मुलं, स्वयंपाकी, मोतद्दारही असतात. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

गंमत म्हणजे एवढं करून देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले, वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड मात्र निजामाला गेलं. हे दोन किल्लेही १८२२ मध्ये निजामाकडं गेले. १८५३ मध्ये निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८५८ मध्ये तात्या टोपे इथं ठाण मांडेल या भीतीनं इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी मोडून टाकली. मग हा डोंगर त्यांच्यासाठी किल्ला उरला नाही. थंड हवा, कॉफीची लागवड आणि सागवान, एवढंच उरलं.

पण मला किल्ल्यात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? तळी. एवढ्या उंचीवर देवतळं, खानतळं. डिसेंबरात भरलेली. भोकांचा मऊ थर पाणी पितो, खालचा घट्ट थर ते अडवतो, आणि जिथं दोन्ही भेटतात तिथून पाणी पाझरतं. तलावावर वाकून मी बाटलीत पाणी घेतलं. (पिऊ नका. मी प्यायलो, मला काही झालं नाही, तरी पिऊ नका.) गोड होतं.

*

दुसऱ्या दिवशी जिप्सीनं वैराटकडं गेलो. हा भाग गुगामलचा. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. त्याच्या गाभ्यातलं ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक कायद्यात मोठा आहे. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही, शेती नाही, वस्ती नाही.

वैराट हा मेळघाटातला सर्वांत उंच भाग, ११७८ मीटर. महाभारतातल्या विराट राजाची ही राजधानी, भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा, अशी गोष्ट सगळे सांगतात. आमचा गाईड कोरकू होता, पस्तिशीचा. त्यानं ती गोष्ट एका दमात सांगून टाकली, कामाचा भाग म्हणून. माथ्यावर एका सपाटीवर त्यानं गाडी थांबवली. गवत, दूरवर आंब्याची दोन झाडं.

"इथं गाव होतं," तो म्हणाला.

ही गावं उठवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची, २००० नंतरच्या काही वर्षांत. मग वैराट, आणि अकोट बाजूची धारगड, बारूखेडा, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी. प्रत्येक कुटुंबाला १० लाखांचं पॅकेज ठरलं. अकोट बाजूच्या गावांतले लोक खाली अकोट तालुक्यात, मैदानात आले. तिथं जमीन आणि आरोग्याच्या तक्रारी होत्या, माणसं दगावत असल्याचं ते सांगत होते, आणि त्यांतले बरेचजण पुन्हा जंगलात परत गेले. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात गावकरी आणि वनविभाग-पोलीस यांच्यात संघर्ष झाला, दोन्हीकडं माणसं जखमी झाली. त्याच वर्षी मी बोअर मारला होता. बातमी मी मोबाइलवर बघितली होती आणि वर सरकवली होती.

गाईडची बहीण अशाच एका उठवलेल्या गावातली. मी विचारलं, खाली कसं आहे तिला?

"रस्ता आहे, शाळा आहे, दवाखाना जवळ आहे. पण सावली नाही भाऊ. आणि पाणी विकत घेते."

जंगल राखलं गेलं हे खरं. गवत वाढलं, वाघ वाढले, झरे टिकले. त्या झऱ्यांच्या पाण्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न मी पुण्यात बसून आरामात सोडवला असता. तिथं त्या दोन आंब्यांकडं बघत सोडवता आला नाही.

वैराटहून दक्षिणेला आमचं मैदान दिसत होतं. तीनशे मीटरच्या आसपास उंचीवर, धुरकट, सपाट, टोकापर्यंत. आणि तिथं माझ्या प्रश्नाचं उत्तर पायाखाली होतं. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला गाविलगड भ्रंश म्हणतात, ती जमिनीतली भेग याच डोंगराच्या पायथ्यानं जाते. म्हणून भिंत सरळ. भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खचला. जिन्याची एक पायरी मोडून खाली गेली. मग लाखो वर्षं डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी हा खड्डा गाळानं भरला, काही ठिकाणी शेकडो मीटर. पूर्णा नदी त्याच गाळावरून संथ वाहते. आमच्या वावरातला दगड हरवलेला नाही. तो खाली आहे, माझ्या २८० फुटांच्या कितीतरी खाली. आणि वरची काळी माती म्हणजे दळलेला गाविलगडच.

खारेपणाचं कारणही तेच. गावात म्हणतात इथं समुद्र होता. त्याला आधार नाही. सपाट खड्डा, चिकट गाळ, कमी पाऊस, जास्त ऊन. पाणी पुढं सरकत नाही, वाफ होऊन जातं आणि क्षार मागं राहतात, हजारो वर्षं साठत राहतात. अमरावती, अकोला, बुलडाण्यात मिळून नऊशेच्या आसपास गावं या पट्ट्यात आहेत.

*

परतताना अकोल्याला एक काम होतं म्हणून आम्ही दहीहंड्यावरून गेलो. अकोला तालुक्यातलं हे गाव. इथं पूर्वी खाऱ्या विहिरी होत्या ज्यांच्या पाण्यातून मीठ काढायचे. इंग्रजी राज्यात ते बंद झालं. एप्रिल १९३० मध्ये गांधीजी दांडीला मीठ उचलत होते तेव्हा वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढं अडचण होती की समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ब्रिजलाल बियाणी आणि इतरांनी दहीहंडा निवडलं. खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून मीठ केलं आणि अटक करून घेतली. आमच्या नावडत्या पाण्याचा इतिहासात झालेला हा बहुधा एकमेव उपयोग. पावसाळा आला तेव्हा १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. एकाच वर्षी वऱ्हाडानं कायदा दोनदा मोडला, एकदा मिठासाठी आणि एकदा गवतासाठी. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर विहिरीबद्दल थोडा अभिमान तरी वाटला असता.

अकोटच्या रेल्वे फाटकाशी थांबलो. इथून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटातून जायची. हीच पायरी चढण्यासाठी ती धूळघाटाजवळ चारच्या आकड्यासारखा फेरा मारून स्वतःच्याच रुळांवरून जायची. आता बंद आहे. भावाला वाघ दिसला नव्हता, तो गाडीबद्दलच हळहळत होता.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. आजीनं पहिला प्रश्न विचारला, "गोटा आनला काय मंग?"

राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलता येत नाही, असं मी सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवला, भोकांच्या थराचा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"हा तं माह्या पाट्यावानी हाय."

ती उठून आत गेली आणि मलाच हाक मारली, पाटा तिला उचलत नव्हता. तिच्या लग्नात बैलगाडीतून आलेला पाटा, परतवाड्याच्या बाजारातला. मी तो उलटा केला. खालच्या न घासलेल्या बाजूला भोकं होती, आणि भोकांत पांढरे स्फटिक. साठ वर्षं त्यावर मिरची वाटली जात होती आणि मी दगड शोधायला डोंगरावर गेलो होतो.

तेवढ्यात बाहेर भांड्यांचा आवाज झाला. नळ आला होता. शहानूर धरणाचं पाणी, मेळघाटातून उतरणाऱ्या नदीचं, दीडशेहून जास्त गावांना पाइपानं जाणारं. आमच्याकडं तीन-चार दिवसांआड येतं. आजीनं पाटा तसाच सोडला, पदर खोचला आणि म्हणाली, "ठेव तो. हंडा धर आधी."